इन्सुलिन कोमट, परवाना उसना

आईला अकरा वर्षांपासून इन्सुलिन चालू आहे. नेहमीचे मेडिकलवाले काका दहा टक्के सोडायचे. मे महिन्यात एका वेबसाइटवर तेच कार्ट्रिज, म्हणजे पेनमध्ये घालायची इन्सुलिनची कुपी, पस्तीस टक्के कमी दरात दिसलं आणि माझी बुद्धी फिरली. प्रिस्क्रिप्शन मागितलंच नाही. एका 'डॉक्टर'चा फोन आला, वय विचारलं, दोन मिनिटांत चिठ्ठी तयार. मला ती सोयच वाटली.

चौथ्या दिवशी खोका आला. नागपुरात पारा ४४ च्या पुढे. थर्माकोलमध्ये जेलची पिशवी, चहाच्या कपासारखी कोमट. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं, हे मला तोंडपाठ. तरी पाचही कार्ट्रिज गुपचूप फ्रिजमध्ये ठेवली. नासलेलं दूध थंड करून कधी सुधारलंय का? पण पैसे आधीच भरले होते ना.

आठवडाभरात आईची उपाशीपोटीची साखर १४० वरून ३१० वर. आम्ही आधी तिच्यावरच घसरलो, चोरून आंबे खाल्ले असशील म्हणून. बिचारी देवाच्या शपथा घेत होती. डॉक्टरांनी मात्र पहिलाच प्रश्न केला, "औषध कुठून आणलं?"

बिलावर परवाना क्रमांक होता, म्हणून मी निर्धास्त. काकांनी चष्मा वर करून बिल पाहिलं. "इन्सुलिनला नमुना २१ चा परवाना लागतो रे बाबा. इथं नुसता २० चा आहे. बॅच नंबर कुठाय? फार्मासिस्टची सही कुठाय?"

अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ वर तक्रार केली. औषध निरीक्षक बिलावरच्या पत्त्यावर जाऊन आले, ते त्यांनीच नंतर सांगितलं. परवाना क्रमांक खरा होता, पण दुसऱ्याच जिल्ह्यातल्या बंद पडलेल्या दुकानाचा. पत्त्यावर दुकान नव्हतंच. दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंतीला लावलेल्या कुरिअरच्या पिशव्या आणि पॅकिंग करणारी दोन पोरं. फार्मासिस्ट नाही. फ्रिज होता, त्यात पाण्याच्या बाटल्या आणि इन्सुलिन शेजारी शेजारी. पंचनामा झाला, नमुने घेतले, बाकीचा माल सील केला.

"ऑनलाइनचा वेगळा परवाना नसतो का?" मी विचारलं. २०१८ मध्ये नियमांचा मसुदा निघाला होता, तो मसुदाच राहिला, असं ते म्हणाले. मोबाइलवरून विका नाहीतर काउंटरवरून, परवाना दुकानाचाच लागतो. तो कोणाच्या नावाचा, कुठल्या पत्त्याचा, एवढं मी बिल हातात आल्यावर तरी विचारायला हवं होतं.

औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे ग्राहकालाही फी भरून औषध तपासून घेता येतं. न उघडलेली तीन कार्ट्रिज तशी दिली आहेत, अहवाल यायचाय. परतावा मागितला तेव्हा वेबसाइटने पुढच्या खरेदीसाठी दोनशे रुपयांचं कूपन पाठवलं. आईच्या साखरेला खाली यायला तीन आठवडे लागले. आंब्यांचा मोसम तोवर संपला होता.