एआय सहायकासाठीची सूचना-फाइल: सहा महिन्यांच्या वापरानंतर

कोड लिहिणाऱ्या एआय सहायकासाठी प्रोजेक्टच्या मूळ फोल्डरमध्ये ठेवलेली सूचना-फाइल प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आख्खी मॉडेलपुढे जाते. तिथली फालतू ओळही दर वेळी जागा खाते आणि शेजारच्या कामाच्या ओळीचं वजन कमी करते. 400 ओळींच्या फाइलमध्ये 'जुन्या मायग्रेशन (डेटाबेसची रचना बदलणाऱ्या फाइली) बदलू नका' असं स्पष्ट लिहिलेलं असूनही सहायक त्या बदलतो. फाइल 60 ओळींवर आणली की हे बरंच थांबतं. अँथ्रॉपिकच्या क्लॉड कोड या सहायकाच्या अधिकृत मार्गदर्शनातही 200 ओळींच्या आत राहा असंच सांगितलं आहे.

आधी कात्री लावा ती फोल्डरांच्या यादीला, फ्रेमवर्कच्या ओळखीला आणि 'स्वच्छ कोड लिहा' छापाच्या वाक्यांना. सहायक कोड वाचतो, त्यातलं बरंचसं त्याला तिथेच कळतं. सूचना-फाइल आपोआप बनवून देणाऱ्या इनिट कमांडच्या मसुद्यातही असा मजकूर भरपूर असतो, तो तसाच ठेवू नका. स्पेस, टॅब, सेमिकोलन हे फॉर्मॅटरवर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनावर सोपवा.

ठेवायचं ते कोडमध्ये न दिसणारं: एकच टेस्ट चालवायची नेमकी कमांड, आपोआप तयार होणाऱ्या आणि हाताने न बदलायच्या फाइली, एखाद्या विचित्र निर्णयामागचं कारण. कारणाची अर्धी ओळ फार उपयोगी पडते, कारण सूचनेत न आलेल्या प्रसंगीही सहायक त्यावरून अंदाज बांधतो. नुसती मनाई मात्र अडचणीची. 'थेट एसक्यूएल लिहू नका' एवढ्यावर तो अडखळतो किंवा स्वतःची वेगळीच वाट काढतो. 'क्वेरी रिपॉझिटरी क्लासमधूनच (डेटाबेसशी बोलणारा ठरलेला कोड) करा' म्हटलं की काम मार्गी लागतं.

अधूनमधून लागणारी, अनेक टप्प्यांची कामं स्किलमध्ये, म्हणजे त्या कामापुरत्या सूचनांच्या वेगळ्या संचात हलवा. सुरुवातीला स्किलचं फक्त नाव आणि वर्णन वाचलं जातं. बाकीचा मजकूर गरज पडल्यावरच येतो. म्हणजे सगळी मदार वर्णनावर. त्याला 1024 अक्षरांची मर्यादा आहे, पण दोन वाक्यं पुरतात. 'डेटाबेसची कामं' या वर्णनाचं स्किल बहुतेक वेळा पडूनच राहतं. 'नवीन टेबल, कॉलम किंवा इंडेक्स घालताना वापरा. मायग्रेशन, रोलबॅक आणि टेस्टचे टप्पे यात आहेत' असं लिहिलं की ते नेमक्या वेळी उघडतं. ठरावीक आकडेमोड किंवा तपासणी असेल तर टप्पे वर्णन करत बसण्यापेक्षा सोबत स्क्रिप्ट ठेवा.

सगळ्यात त्रासदायक दोष म्हणजे शिळ्या सूचना. टेस्टची कमांड बदलली आणि फाइलमध्ये जुनीच राहिली, तर सहायक आधी तीच चालवतो, अपयशी होतो, मग भलतंच काही दुरुस्त करायला घेतो. म्हणून कमांड बदलणाऱ्या कमिटमध्येच (कोडमधल्या बदलांची एकत्र नोंद) सूचनाही बदला. सूचना-फाइलच्या एजंट्स.एमडी (अनेक सहायकांसाठी) आणि क्लॉड.एमडी (क्लॉड कोडसाठी) अशा दोन प्रती ठेवल्या तर त्या महिन्याभरात एकमेकींना छेद देऊ लागतात. मजकूर पहिलीत ठेवून दुसरीत तिचा इम्पोर्ट, म्हणजे तिला आत ओढणारी एक ओळ पुरे.

हेही लक्षात असू द्या, की सूचना-फाइल कुलूप नव्हे. प्रॉडक्शनच्या डेटाला हात लागताच कामा नये, तर परवानग्या किंवा हुक (ठरावीक क्षणी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) वापरा.

एखाद्या ओळीबद्दल शंका असेल तर ती काढा आणि कोऱ्या सत्रात तेच काम दोन-तीनदा द्या. निकालात फरक पडला नाही, तर ओळ परत घालू नका.