सेंट अँड्र्यूज: ओल्ड कोर्स की न्यू कोर्स?

स्कॉटलंडला जायचं ठरलंय, गोल्फ बऱ्यापैकी जमतं, पण तिथल्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या गावात एकाच राऊंडपुरता, म्हणजे खेळाच्या एका फेरीपुरता वेळ आहे. ओल्ड कोर्स की न्यू कोर्स, कोणत्या मैदानावर खेळावं? 'ओल्ड कोर्स' हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी तयार असतं. जरा थांबा.

नावावर जाऊ नका. न्यू कोर्सही काही नवा नाही, १८९५ चा आहे, आणि ओल्डला अगदी लागून. मुंबई-पुण्याच्या झाडीतल्या कोर्सची सवय असलेल्याला धक्का दोन्हीकडे सारखाच बसतो. सावलीला झाड नाही, वारा अखंड, आणि खाली वाळू असल्याने जमीन इतकी टणक की पडलेला चेंडू घरंगळतच राहतो.

ओल्डची गंमत वेगळी आहे, हे मान्य. १७६४ मध्ये इथे २२ होलचे (टी या सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एकेक टप्पा म्हणजे होल) १८ केले आणि पुढे जगभर तोच आकडा रुळला. चार होल सोडले तर बाकीच्यांची ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ, जोडीने आहेत: दुसऱ्याची सोळाव्याशी, पाचव्याची तेराव्याशी. बेरीज दर वेळी १८! साहजिकच ही ग्रीन अवाढव्य आहेत. चेंडू भलत्या टोकाला थांबला तर 'ग्रीनवर आलो' म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, ११२, आणि त्यातले कितीतरी टीवरून दिसतच नाहीत, म्हणून नवख्याने कॅडी (बॅग वाहणारा, वाट दाखवणारा सोबती) घ्यावाच. सतराव्याला तर हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून चेंडू मारायचा असतो.

पण तिथे शिरणं सोपं नाही. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा दाखला लागतो. आधीचं बुकिंग नसेल तर दोन दिवस अगोदर सोडतीत नाव द्यायचं आणि नशिबावर हवाला ठेवायचा. फी न्यूच्या दुपटीहून जास्त.

न्यूला दाखल्याची अट नाही आणि वेळ आधीच पक्की करता येते. फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची वाट, मात्र अरुंद, कडेला गॉर्सची काटेरी झुडपं; त्यात गेलेला चेंडू शोधत बसू नये. सरळ मारणाऱ्याला इथे न्याय मिळतो. ओल्डवर चांगला फटकाही एखाद्या उंचवट्यावरून भलतीकडे जातो.

तेव्हा हातात चार-पाच दिवस असतील तर रोज सोडतीत नाव घाला. एकच दिवस असेल तर सरळ न्यू बुक करा, आणि तो मुक्काम रविवारला जोडून ठेवा. रविवारी ओल्डवर एरवी खेळ बंद असतो, गावकरी कुत्री घेऊन फिरतात. तुम्हीही ओल्डवरच्या स्विल्कन या जुन्या दगडी पुलापर्यंत फुकट चालून या. घरच्यांना खेळता येत नसेल तर शेजारच्या 'हिमालयाज' या चढउतारांच्या पटिंग ग्रीनवर (इथे चेंडू हलकेच ढकलून खळग्यात घालायचा, एवढंच) त्यांचा वेळ मजेत जाईल.