एका ई-पुस्तक पॅकेजचं वर्ष: घेण्याआधी वाचा

नागपुरातल्या एका विद्यापीठ ग्रंथालयात ई-पुस्तकांचं काम माझ्याकडे आहे. गेल्या जुलैत एका पुरवठादाराचं वर्षभराचं पॅकेज घेतलं. आता नूतनीकरणाची फाइल टेबलावर आहे, म्हणून हे लिहायला बसले. कंपनीचं नाव लिहीत नाही.

चांगलं आधी सांगते. मे महिन्यात इथे पारा ४५ला टेकतो, भर दुपारी ग्रंथालयात यायला कोण धजेल? घरून लॉगिन करून वाचता येतं, ही मोठीच सोय. आमचा एक दृष्टिहीन विद्यार्थी ईपब (ई-पुस्तकाच्या मजकुराची) फाइल स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आरामात ऐकतो. स्कॅन करून चढवलेली पीडीएफ मात्र त्याच्यासाठी कोऱ्या कागदासारखी, आणि जुनी पुस्तकं बहुतेक तशीच आहेत.

आता रडगाणं. परीक्षेच्या आठवड्यात काटोलहून येणारी एक मुलगी मोबाइल घेऊन काउंटरवर आली. "मॅडम, हे काहून उघडून नाही राह्यलं?" स्क्रीनवर संदेश होता, सर्व प्रती वापरात आहेत. मी तिला समजावलं, की या पुस्तकाचा परवाना तीन जणांचा आहे, एका वेळी तिघंच उघडू शकतात. ती म्हणाली, "पण कपाटात तर काहीच नाही, मग नेलं कोणी?" काय सांगणार! त्या तिघांपैकी दोघं नुसती खिडकी बंद करून चहाला गेले असणार. लॉगआउट केलं नाही की जागा अडकूनच राहते, अर्धा तास तरी.

वापराचे आकडे कंपनी मोठ्या कौतुकाने दाखवते. त्यात एक गंमत आहे. पुस्तक प्रकरणाप्रकरणाने उघडत असेल, तर दहा प्रकरणं चाळणारा एकच वाचक एकूण मागण्यांत दहा वेळा मोजला जातो. 'काउंटर' नावाचं ई-साहित्याचा वापर मोजण्याचं एक मानक आहे. त्याच्या पाचव्या आवृत्तीपासून 'युनिक टायटल' हा वेगळा आकडा मिळतो, त्यात एका बैठकीत कितीही प्रकरणं उघडली तरी पुस्तक एकदाच मोजलं जातं. तोच मागा. आणि 'लिमिट एक्सीडेड'चा रकाना जरूर बघा, दारातून परत गेलेले वाचक तिथे सापडतात. आमच्याकडे नेमका तो रकाना अहवालातून गाळून आला होता. मागितल्यावर मिळाला.

सगळ्यात जास्त डोकं उठलं ते फेब्रुवारीत. प्रकाशकाने २१४ पुस्तकं पॅकेजमधून काढून घेतली. आम्हाला साधा मेलही नाही. कोहा या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमधल्या आमच्या कॅटलॉगमध्ये ती तशीच झळकत होती, नोंदीतल्या ८५६ क्रमांकाच्या रकान्यातल्या (ई-पुस्तकाचा पत्ता तिथे असतो) लिंकवर टिचकी मारली की रिकामं पान. चूक थोडी माझीही. पुस्तकांच्या मार्क नोंदी (कॅटलॉगच्या ठरावीक साच्यातल्या संगणकीय नोंदी) चढवताना प्रत्येकीत पॅकेजचा संकेत टाकला असता, तर एका झटक्यात सगळ्या गाळता आल्या असत्या. त्याऐवजी चार दिवस दोघांनी एकेक लिंक तपासली. आता संकेताशिवाय एकही नोंद चढवत नाही.

वर ऑडिटवाले. "पुस्तकं घेतली म्हणता, दाखल नोंदवहीत नंबर कुठे आहेत?" साहेब, घेतली नाहीत, भाड्याने आणली. हे वाक्य मी तीनदा बोलले. साहेबांच्या साहेबांना तर वाटलं होतं, की १ जानेवारी २०२५पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना आलीय, मग ई-पुस्तकांना वेगळे पैसे कशाला? ती योजना नियतकालिकांची आहे हो.

मराठी पुस्तकं? शोधपेटीत देवनागरीत काही टाकलं की शून्य. शीर्षकं रोमन लिपीत चढवली आहेत, ती कशी लिहिली असतील याचा अंदाज बांधत बसायचं.

पाचपैकी अडीच. सगळं पॅकेज पुन्हा घेऊ नये, असं मी टिपणीत लिहिलंय. वर्षभरात खरोखर वाचली गेलेली ३८ पुस्तकं कायमची विकत घ्यायची, कितीही जणांनी एकदम उघडली तरी चालतील अशा परवान्यावर. पुस्तक काढणार असाल तर महिनाभर आधी लेखी यादी, हे करारात हवं म्हटलं, तर प्रतिनिधी म्हणाला, "बघून सांगतो." त्याला आता तीन आठवडे होतायत. दरम्यान, त्या मुलीला हवं होतं त्या पुस्तकाच्या दोन छापील प्रती मी मागवून घेतल्या. एक परवाच काटोलला गेली.