झिरकोनियाची कॅप, सहा महिने वापरून झाल्यावर (आणि बिलावरच्या 'झिरकोनियम' शब्दाबद्दल)

खालच्या उजव्या दाढेवर झिरकोनियाची कॅप बसवून सहा महिने झाले. लगेच लिहिणार होतो पण म्हटलं आधी नीट वापरून बघू, तर हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी, नंतर फुटाणे, भाजलेल्या शेंगा, सगळं त्याच बाजूने चावून झालंय. दवाखाना जळगावचा, मी पाचोऱ्याहून रेल्वेने जाऊन-येऊन केलं, एकूण तीन चकरा.

आधीची गोष्ट सांगतो नाहीतर एवढं लिहायचं कारण कळणार नाही. याच दाढेला तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे रूट कॅनल करून कॅप बसवली होती. तिथे सांगितलं 'झिरकोनियमची आहे, एकदम भारी', बिलावर पण झिरकोनियमच लिहिलेलं, आणि पैसे भारी कॅपचेच घेतले. गेल्या दिवाळीत फुटाणे खाताना वरचा टवका उडाला, आरशात बघतो तर आत राखाडी धातू! जाऊन विचारलं तर काउंटरवरून उत्तर आलं, 'झिरकोनियम म्हणजे धातूच असतो ना'. मी गप्प बसलो कारण शब्द म्हणून ते बरोबरच होतं. मला फार लागलं ते.

तर शब्द नीट समजून घ्या. झिरकोनियम हा धातू आहे, मूलद्रव्य क्रमांक 40, तारापूरला अणुभट्टीत इंधन ज्या नळ्यांमध्ये भरतात त्या याच्या मिश्रधातूच्या असतात. झिरकोनिया म्हणजे त्या धातूचा ऑक्साईड, झिरकोनियमच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन, पांढरंशुभ्र सिरॅमिक, आणि कॅप बनते ती याची. शेवटी 'इया' किंवा 'आ' आलं की समजायचं ऑक्साईड आहे, जसं अॅल्युमिनियमचं अॅल्युमिना, सिलिकॉनचं सिलिका. तिसरा शब्द झिरकॉन, ते खनिज, म्हणजे झिरकोनियमचं सिलिकेट, केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडतं. माझ्या जुन्या कॅपमध्ये यातलं काहीच नव्हतं. नव्या डॉक्टर मॅडमनी बघून सांगितलं की ही साधी मेटल-सिरॅमिक आहे, आत निकेल किंवा कोबाल्टचा मिश्रधातू आणि वरून पोर्सेलिनचा थर, आणि टवका उडतो तो त्या थराचाच. तशी कॅप वाईट नसते हो, खूप लोकांची वर्षानुवर्षं टिकते, पण ती तिच्या नावाने आणि तिच्या भावात द्या ना.

मॅडमनी मला न भाजलेला तुकडा हातात दिला. अगदी शाळेतल्या खडूसारखा, नख लावलं तर रेघ उमटली आणि बोटाला पांढरी पूड लागली. मशीन अशा नरम चकतीतून दाढेचा आकार कोरून काढतं आणि तो मुद्दाम मोठा कोरतात, कारण नंतर 1500 अंशांच्या आसपास भट्टीत भाजला की तो साधारण पाचव्या हिश्शाने आकसतो आणि दगडासारखा कडक होतो. भाजलेला तुकडा पण दिला शेजारी धरून बघायला, हातात घेतला की वजन लगेच जाणवतं.

नुसता शुद्ध झिरकोनिया असा भाजून चालत नाही, हे मला सगळ्यात आवडलं ऐकायला. थंड होताना 1170 अंशांच्या खाली त्याची आतली रचना बदलते आणि तो चार-पाच टक्के फुगतो, मग तडे जाऊन तुकडे होतात. म्हणून त्यात थोडा यिट्रिया, म्हणजे यिट्रियम धातूचा ऑक्साईड, मिसळतात. दाताच्या मजबूत प्रकारात साधारण 3 टक्के, रेणूंच्या हिशोबाने. त्यामुळे गरम असतानाची रचना थंड झाल्यावरही तशीच धरून राहते. आणि नंतर कधी बारीक चीर पडायला लागली की चिरेच्या टोकाजवळचे कण रचना बदलून फुगतात आणि चीर दाबून धरतात. आमच्या आजोबांच्या बैलगाडीचं चाक सैल झालं की ते पाण्यात टाकून ठेवायचे, लाकूड फुगून धावेत गच्च बसायचं, मला तेच आठवलं.

आता दागिन्यांचं. घरी हे सांगत होतो तर मामींनी कानातल्या कुड्यांना हात लावला, 'हाई मन्हा कानमा शे तेच का?' हो, तेच! सराफ बाजारात ज्याला जरकन किंवा अमेरिकन डायमंड म्हणतात तो खडा म्हणजे पण झिरकोनियाच, फक्त त्यात यिट्रियासारखं स्थिर करणारं ऑक्साईड जास्त घालून पारदर्शक स्फटिक वाढवलेला असतो. नाव अमेरिकन पण मोठ्या प्रमाणावर बनवायची पद्धत 1970च्या दशकात मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेत बसवली. हिऱ्याएवढाच खडा असेल तर जरकन दीडपटीपेक्षा जास्त जड भरतो. आणि झिरकॉन हा शब्द फारसी 'जरगून'वरून आला असं सांगतात, म्हणजे सोनेरी, आपल्या जरीकाठातला जर तोच. मामींना ते फार आवडलं.

पण सराफाकडे जरकन मागितलं तर कधी नैसर्गिक झिरकॉन, कधी हा बनवलेला खडा, दोन्ही त्याच नावाने मिळतात, म्हणून तिथेही विचारूनच घ्या.

आता कॅपचा अनुभव. मजबुती पूर्ण मार्क. रंग बाजूच्या दाढेशी जुळवला तरी जवळून बघितलं तर थोडी जास्त पांढरी आणि बंद-बंद वाटते. समोरच्या दातांसाठी यिट्रिया जास्त असलेला प्रकार मिळतो, त्यातून उजेड जास्त जातो पण ताकद कमी होते, म्हणून दाढेला हाच बरा असं मॅडम म्हणाल्या. पहिले दोन दिवस कॅप उंच लागत होती, जबडा दुखला, तिसऱ्या चकरेत निळा कागद चावायला देऊन जागा शोधली आणि घासली. घासल्यावर पॉलिश करायला त्यांनी बराच वेळ घेतला आणि ते करून घ्याच, कारण खरखरीत झिरकोनिया चावताना त्यावर टेकणाऱ्या खऱ्या दाताला झिजवतो.

खर्च कॅपचा साडेआठ हजार, जुनी काढायचे वेगळे. नंबर लावूनही दरवेळी तासभर बसावं लागलं, एकदा त्यामुळे परतीची गाडी चुकली, ते त्यांनी सुधारायलाच पाहिजे. बिलावर मात्र मी न सांगता 'झिरकोनिया' लिहिलं, सोबत कंपनीचं वॉरंटी कार्ड दिलं आणि त्यावर चकतीचा बॅच नंबर आहे.