मॉरिशस की रियुनियन: शेजारची दोन बेटं

हिंदी महासागरातली ही दोन बेटं, मध्ये जेमतेम 200 किलोमीटर पाणी. दोन्ही ज्वालामुखीतून वर आलेली, दोन्हीकडे ऊस आणि फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोली. तरी रस्ते वेगळे.

मॉरिशस 1810 मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे गेलं. गुलामी संपत आली तेव्हा मळ्यांना माणसं हवी होती, म्हणून 1834 पासून करारावर भारतीय मजूर आणले. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जहाजातून उतरलेल्यांत मुंबई बंदरातून निघालेले आपले कोकणी मराठी लोकही होते. आजही तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते! देश 1968 मध्ये स्वतंत्र झाला आणि साखरेवरून कापड, पर्यटन, बँकिंगकडे वळला.

रियुनियन मात्र 1946 पासून फ्रान्सचाच एक जिल्हा. खिशात युरो, डोक्यावर पॅरिसचं सरकार. रस्ते, दवाखाने उत्तम, पण बेकारी मोठी. इथले भारतीय वंशाचे लोक मुख्यतः तमिळ. त्यांना 'मलबार' म्हणतात, मलबारशी फारसा संबंध नसला तरी. आणि व्हॅनिला! 1841 मध्ये एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने परागीकरण करून दाखवलं. व्हॅनिला अजूनही बहुतेक त्याच रीतीने पिकते.

समुद्रकिनारा हवा तर मॉरिशस. मला विचाराल तर रियुनियन, कारण तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे.