मे महिन्यातला पायथनचा क्लास: फी वसूल झाली ती एका अक्षरावर

क्लासचं नाव लिहीत नाहीये हे आधीच सांगते, कारण निम्मा रिव्ह्यू तक्रारीचा आहे आणि रत्नागिरी केवढीशी, उद्या मच्छी मार्केटात समोर आले तर तोंड कुठे लपवू.

तर झालं असं की भाचा आठवीची परीक्षा देऊन मोकळा झाला आणि दिवसभर मोबाईल. आमच्याकडे पावसला मे महिना म्हणजे आंब्याच्या पेट्या भरायचा सीझन, त्यात पोराला दोन तास बसवलं की चार वेळा उठतो. मग म्हटलं चल, आपण दोघं जाऊ, वीस दिवसांचा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा बेसिक क्लास, रोज दीड तास, माणशी अठ्ठावीसशे. मी स्वतः डिप्लोमाला टर्बो सीवर सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा केलेली आहे पण त्याला आता पंचवीस वर्षं होतील, त्यानंतर पतसंस्थेच्या खतावणीपलीकडे कॉम्प्युटरशी संबंध नाही. रोज सकाळची एसटी, भाट्ये पूल ओलांडला की भाच्याचं सुरू, "ए आत्या, आज तरी गेम पूर्ण होणार का गं?"

गेम म्हणजे हँगमन. शब्द ओळखायचा, समोर डॅश, एकेक अक्षर सांगायचं, चुकलं की एक जीव कमी. पहिलंच प्रोजेक्ट. बाकी क्लासमध्ये हे एका दिवसात उरकतात असं ऐकलंय, इथे सरांनी नुसतं खेळाडूकडून एक अक्षर घेणं या एवढ्याशा गोष्टीवर पाच दिवस घातले. तिसऱ्या दिवशी मी पण वैतागले होते, खरं सांगते. दोन पालक तर ऑफिसात जाऊन भांडून आले की अजून इनपुटवरच काय चाललंय, बाजूच्या क्लासची पोरं कॅल्क्युलेटर बनवून मोकळी झाली.

पण ते पाच दिवस सोडले तर या क्लासमध्ये घेण्यासारखं फार काही नव्हतं, आणि ते पाच दिवस मात्र मला कॉलेजच्या तीन वर्षांत कोणी दिले नाहीत.

सरांची पद्धत अशी, पहिल्या दिवशी अगदी साधं लिहायला लावलं. इनपुटने अक्षर घ्या, इफ अक्षर इन शब्द, तर "बरोबर" छापा, नाहीतर जीव एकने कमी. चाललं मस्त. मग म्हणाले आता खुर्च्या बदला, शेजाऱ्याचा गेम खेळायला बसा आणि तो बिघडवून दाखवा, जिंकायचं नाहीये. पोरांना हे सांगायचीच खोटी. माझा गेम भाच्याने घेतला, शब्द होता मँगो. याने काय करावं, काहीच टाईप न करता नुसतं एंटर दाबलं. आणि गेम म्हणतो "बरोबर!" परत एंटर, परत "बरोबर!" पाचच्या पाच डॅश तसेच कोरे, एकही अक्षर उघडलेलं नाही आणि हा पठ्ठ्या वीस वेळा बरोबर. मी म्हटलं माझंच काहीतरी चुकलं, पण सगळ्यांचंच तसं. कारण पायथनच्या हिशेबाने रिकामी स्ट्रिंग (स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ) ही प्रत्येक स्ट्रिंगच्या आत असतेच, म्हणजे काहीच न टाकणारा कधी चुकूच शकत नाही. मग कोणीतरी ए आणि एन जोडून टाकलं तर तेही बरोबर, कारण ती दोन अक्षरं मँगोमध्ये लागून येतात. इन हा अक्षर शोधत नाही, तुकडा शोधतो. हे पुस्तकात वाचून माझ्या डोक्यात कधी शिरलं नसतं, भाच्याचं ते खिदळणं ऐकून मात्र कायमचं बसलं.

दुसऱ्या दिवशी मग चाळणी लावायची सुरुवात. आधी स्ट्रिप, म्हणजे मागेपुढे स्पेस पडली असेल तर ती जाते, मग लोअर, म्हणजे कॅपिटलचं लहान अक्षर, मग लेन, म्हणजे लांबी, एक आहे का बघायचं, मग इजअल्फाने ते अक्षरच आहे ना की आकडा, मग आधी सांगून झालंय का. क्रम पण महत्त्वाचा, मी लेन आधी आणि स्ट्रिप नंतर लावलं तर अक्षरापुढे चुकून स्पेस दाबली की गेम म्हणतो एकच अक्षर द्या, आणि माणूस स्क्रीनकडे बघतच राहतो की अरे एकच तर दिलंय. लोअरची गंमत वेगळी. निम्म्या वर्गाने नुसतं अक्षर डॉट लोअर लिहून सोडून दिलं आणि कॅपिटल ए टाकला की गेम तसाच चुकीचा. स्ट्रिंग जागेवर बदलत नाही, लोअर नवीन स्ट्रिंग देतो, ती परत ठेवून घ्यावी लागते. सर म्हणाले, दुकानदाराने सुटे दिले, तुम्ही काउंटरवरच ठेवून आलात, मग दुकानदाराला दोष कशाला.

जीव कधी कमी करायचा यावर तर अर्धा तास भांडण. आकडा टाकला तर जीव जावा का? तेच अक्षर दुसऱ्यांदा सांगितलं तर? पोरं म्हणतात जावा, शिक्षा पाहिजे. सर म्हणाले नो बॉल पडला तर तो ओव्हरमध्ये मोजता का रे? झालं, भांडण मिटलं. चुकीचं इनपुट म्हणजे नो बॉल, परत टाका, मोजणी तिथेच. त्यासाठी सगळी चाळणी एका वेगळ्या फंक्शनमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या प्रोग्रामच्या तुकड्यात टाकली, आत व्हाईल ट्रू, नीट अक्षर मिळेपर्यंत ते सुटतच नाही, मिळालं की रिटर्न. बाहेरच्या गेमला पत्ताच नाही की आत खेळाडूने किती वेळा घोळ घातला. आणि फंक्शनचं नाव चक्क मराठीत, अक्षर_घ्या! पायथन ३ मध्ये देवनागरी नाव चालतं हे मला माहीतच नव्हतं, पोरांना तर एवढा आनंद झाला की पुढे एकाने व्हेरिएबलला आजोबांचं नाव दिलं.

मला सी आठवली यावरून. आमचा प्रॅक्टिकलचा प्रोग्राम एक अक्षर घ्यायचा आणि दुसऱ्या वेळेला न थांबता पुढे पळायचा, सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत कळेना का. सीमधल्या स्कॅनएफ या इनपुटच्या फंक्शनने अक्षर उचललं तरी एंटरची न्यूलाईन मागे बफरमध्ये, म्हणजे टाईप केलेलं थांबतं त्या रांगेत, पडून राहते आणि पुढच्या वेळेला तीच अक्षर म्हणून येते. स्कॅनएफमध्ये अक्षर मागणाऱ्या पर्सेंट सीच्या आधी एक स्पेस टाकली की भागतं, पण ते "टाक गं, चालतं" एवढ्यावरच आम्हाला शिकवलेलं. इथे सरांना विचारलं तर फळ्यावर रांग काढून दाखवली, कोण आधी उभं, कोण मागे राहिलं. पंचवीस वर्षांनी कळलं.

आता तक्रारी. बॅच चौदा जणांची आणि चालू मशीन आठ. समुद्राची हवा सगळ्यांच्याच घरी आहे, तरी कीबोर्ड दोन वर्षांतून एकदा बदलायला काय होतं? आमच्या मशीनचं ई चं बटण रुतलेलं. हँगमन खेळताय इंग्रजी शब्दांचा, आणि ई नाही! इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारं अक्षर. पोरं ई असलेला शब्द निघाला की सरळ हरायची. ऑफिसला सांगितलं तर उत्तर, "ताई, जोरात दाबा." लाईट गेली की इन्व्हर्टर फक्त ऑफिसच्या पंख्याला, वीस दिवसांतले तीन दिवस आम्ही वहीवर गेम खेळलो.

आणि त्या नोट्स. शंभर रुपये वेगळे घेतले झेरॉक्सचे. उघडल्या तर प्रिंट कंसाशिवाय आणि रॉ इनपुट, म्हणजे पायथन २ च्या, ज्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला बंद झाला. जसंच्या तसं टाईप केलं तर पहिल्याच ओळीला एरर. ते एक वेळ सोडा, शेवटी "पुन्हा खेळायचं का" विचारायच्या ठिकाणी छापलंय, इफ उत्तर इक्वल टू लहान वाय ऑर मोठा वाय. वाचायला एकदम ठीक वाटतं. पण पायथन ते असं वाचतो की उत्तर लहान वाय आहे का, किंवा नुसता मोठा वाय, आणि भरलेली स्ट्रिंग म्हणजे कायम ट्रू. नाही म्हणा, एन दाबा, शिवी टाईप करा, गेम परत सुरू. माझ्या शेजारची मुलगी बिचारी आठ गेम खेळली, शेवटी मशीनच बंद केलं. दोन्हीकडे उत्तराशी तुलना लिहावी लागते, किंवा आधी लोअर करून एकदाच बघायचं. सरांनी वर्गात दुरुस्त करून दिलं पण नोट्स ऑफिसच्या, त्या पुढच्या बॅचलाही त्याच जाणार.

सरांचा मोठेपणा मला दिसला तो शेवटच्या आठवड्यात. भाचा म्हणाला मला मराठी शब्दांचा गेम पाहिजे, हापूस. टाकला. डॅश आले पाच! ह, काना, प, ऊकार, स, असे मोजतो तो. पू टाकलं तर "एकच अक्षर द्या". नुसती मात्रा टाकली तर "हे अक्षर नाही", कारण ते इजअल्फा मात्रेला अक्षर धरतच नाही. म्हणजे पाच दिवस मेहनत करून लावलेली चाळणी मराठीला पार निकामी (लोअरची तेवढी कटकट गेली, आपल्यात कॅपिटल कुठे आहे!). दुसरा कोणी म्हणाला असता सिलॅबसमध्ये नाही. हे म्हणाले उद्या बघू, आणि उद्या खरंच घेऊन आले. युनिकोडडेटा म्हणून एक मॉड्यूल आहे, त्यातून चिन्हाचा प्रकार विचारायचा, तो एम ने (मार्क, म्हणजे मात्रा, अनुस्वार वगैरे) सुरू होत असेल तर ते मागच्या अक्षराला चिकटवायचं. हापूसचे तीन डॅश झाले, कोकणचे तीन, बांगड्यातला "बां" अनुस्वारासकट एक. टाळ्या. मग कोणीतरी रत्नागिरी टाकली आणि चार ऐवजी पाच डॅश, "त्" एकीकडे, "ना" दुसरीकडे. सर हसले, म्हणाले गावानेच मारलं. मागचा तुकडा हलंतावर संपत असेल तर पुढचं व्यंजनही त्यालाच जोडायचं, ही एक ओळ पोरांकडून काढून घेतली, सांगितली नाही. आणि हीच जोडणी खेळाडूच्या इनपुटलाही लावायची, मग लेन ऐवजी तुकडे एक आहेत का बघायचं.

तर रेटिंग विचाराल तर शिकवणं पाचपैकी पाच, बाकी क्लास दीड. दिवाळीत पुढची बॅच आहे म्हणे. फोन करून पहिलं विचारा की हेच सर आहेत का, नसतील तर पैसे भरू नका. नोट्स घेऊ नका. चांगला कीबोर्ड घरात असेल तर पिशवीत टाकून न्या, मी शेवटचे चार दिवस तेच केलं.

भाचा अजून लागलाय गेमच्या मागे. आता माशांची यादी भरतोय, सुरमई झाली, कोळंबी झाली, तिसऱ्यांवर (म्हणजे शिंपल्यांवर) अडकलाय. यादीतला शब्द त्याने माझ्या मोबाईलवरून घातलेला आणि खेळताना लॅपटॉपवरून टाईप करतो, "ऱ्या" टाकलं की गेम म्हणतो चूक, एक जीव कमी. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, पण तो अर्धा र एका ठिकाणी वेगळ्या कोडने बसलाय आणि दुसऱ्या ठिकाणी साध्या र ला हलंत देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. काल रात्री साडेअकराला आईने दिवा बंद केला तेव्हा चाळणीत आणखी एक ओळ वाढवणं चाललं होतं.