पोपट घरातल्या कुत्र्या-मांजरावर धावून जातोय: वेगळं ठेवावं की सवय लावावी?

कॉन्युअर नाहीतर आफ्रिकन ग्रे असला परदेशी पोपट आणला, घरात आधीपासून कुत्रा किंवा मांजर, आणि पोपट सारखा त्यांच्या अंगावर जातोय, असं झालं की बेळगावात सल्ला द्यायला अख्खी गल्ली तयार असते. कुणी म्हणतं पंख काप, कुणी म्हणतं देऊन टाक की ओ. (आपला हिरवा देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पाळताच येत नाही, म्हणून त्याची गोष्ट इथं नाही.)

खरे पर्याय दोनच: कायमचं वेगळं ठेवणं किंवा सवय लावणं. कोणता घ्यायचा, ते समोर कोणतं जनावर आहे त्यावर ठरतं.

मांजर असेल तर विचार करत बसू नका, वेगळं ठेवा. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. दात नुसता लागला आणि वेळेत अँटिबायोटिक मिळालं नाही, तर पक्षी एक-दोन दिवसांत दगावू शकतो. भांडण पोपटानं उकरलं असलं तरी जीव त्याचाच जातो. शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत माडी पोपटाला देऊन टाकता येते. टिळकवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र वेळ वाटून घ्यावी लागते: एक बाहेर, तर दुसरं दाराआड. पावसाळ्यात सगळेच घरात कोंडलेले असतात, तेव्हा हे वेळापत्रक जीव खातं. तरी खर्च कमी, आणि आजपासून सुरू करता येतं.

कुत्र्याच्या बाबतीत सवय लावून बघायला हरकत नाही, पण तो शांत हवा आणि ‘बस’ म्हटल्यावर बसणारा हवा. आधी पोपटाला एकट्यालाच काडी शिकवायची: टोकाला चोच लावली की सूर्यफुलाची एक बी. ते पक्कं झालं की कुत्र्याला पट्ट्यात धरून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसवायचं, आणि पोपटाला काडीमागं उलट दिशेला न्यायचं. पाच मिनिटं पुरे. लक्ष डोळ्यांवर ठेवा. बाहुली भराभर लहान-मोठी व्हायला लागली, शेपूट पंख्यासारखी पसरली, मानेवरची पिसं फुलली, की त्या दिवसापुरतं थांबायचं. यात महिने जातात. दोघं ‘दोस्त’ होतील ही आशा ठेवू नका. एकमेकांकडं दुर्लक्ष करायला लागले तरी खूप झालं.

मुधोळ कुत्रा असेल तर मी या भानगडीत पडणार नाही. ती नजरेनं शिकार करणारी जात. जमिनीवर पंख फडफडले की तुमचं ‘बस’ त्याच्या कानात शिरत नाही.

घरात लव्हबर्डसारखे छोटे पक्षी असतील तर पिंजरे लांब-लांब ठेवा. मोठा पोपट त्यांच्या पिंजऱ्यावर जाऊन बसला तर जाळी धरून बसलेल्यांची बोटंच तोडतो.

पंख कापण्यानं काहीच साधत नाही, चोच तशीच राहते. उडता न येणारा पक्षी घाबरून जास्तच चावतो, आणि कुत्र्यानं झेप घेतली तर त्याला पळताही येत नाही.

दोन्हींतलं काहीही निवडलं तरी आधी त्याची झोप बघा. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालणाऱ्या घरात पोपट चिडका होणारच. त्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. विणीच्या काळात तो खोकं, उघडा खण, सोफ्याखालची जागा घरट्यासारखी धरून बसतो आणि जवळ येईल त्याला फोडतो. त्या जागा बंद करा, आणि पाठीवरून हात फिरवणं सोडा. चावला की ‘ए!’ करून ओरडायचं तर अजिबात नाही. त्याला तो गोंधळ फार आवडतो.

देऊन टाकायचंच ठरलं, तर २०२४ च्या नियमांनुसार आफ्रिकन ग्रेसारख्या जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते आणि मालक बदलला की तिथं कळवावं लागतं.

वेगळं ठेवणार असाल तर पिंजऱ्याच्या कडीला छोटं कुलूप लावा. साधी कडी ग्रे चोचीनं सहज उघडतो.